वर्गातले सगळेच हुशार वाटू लागतात तेव्हा: विद्यापीठातील पहिल्या सत्रासाठी मार्गदर्शन

विद्यापीठात दाखल झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच अनेक विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका घर करते: इथले बाकीचे सगळे आपल्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत, आपली निवड बहुधा चुकून झाली आहे आणि ही गोष्ट आज ना उद्या सर्वांच्या लक्षात येणार आहे. शाळेत ज्याचा हात सर्वांत आधी वर जात असे, तोच आता मागच्या बाकावरची जागा शोधू लागतो. अशा वेळी घरची माणसे आणि हितचिंतक 'आत्मविश्वास ठेव' एवढेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा उपयोगही फारसा होत नाही, कारण आत्मविश्वास ठरवून आणता येत नाही. ठरवून करता येण्यासारखी कामे वेगळी आहेत. आपण नेमके कशाला बिचकतो आहोत हे पाहणे, त्या बिचकण्यामागची माहिती कितपत खरी आहे हे तपासणे आणि जे खरोखर कमी पडते आहे ते भरून काढणे ही ती कामे होत. ती ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने पुढे मांडली आहेत.

पहिली पायरी: साधे गणित करून पाहा

विद्यापीठाचा वर्ग निवडून तयार झालेला असतो, हे आपण प्रवेश मिळेपर्यंत लक्षात ठेवतो आणि प्रवेश मिळताच विसरतो. समजा, एका वर्गात शंभर विद्यार्थी आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला आहे. पहिल्या चाचणीचे गुण क्रमाने लावले की या शंभरातले पन्नास जण खालच्या अर्ध्या भागात असणारच. त्या पन्नास जणांची बुद्धी सुट्टीत कमी झालेली नसते. ती मोजण्याची पट्टी तेवढी बदललेली असते.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला. सारख्याच कुवतीचे दोन विद्यार्थी घेतले, तर ज्याच्या शाळेची सरासरी वरची आहे त्याचे स्वतःच्या अभ्यासक्षमतेविषयीचे मत खालचे असते, असे त्यांना आढळले. या परिणामाला 'मोठा मासा, लहान तळे' असे नाव आहे: लहान तळ्यात मोठा असलेल्या माशाला मोठ्या तळ्यात आल्यावर आपण लहान असल्यासारखे वाटते. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २६ देशांच्या माहितीतही हाच कल दिसला. म्हणजे पहिल्या महिन्यात तुम्हाला जे वाटते त्यातला काही भाग तुमच्याविषयी काहीच सांगत नाही. तुम्ही कोणत्या वर्गात येऊन बसला आहात एवढेच तो सांगतो.

दुसरी अडचण अशी की सुरुवातीच्या आठवड्यांत स्वतःला जोखण्यासाठी हाताशी दुसरे काही नसते. परीक्षा झालेली नसते, तपासलेली एकही वही परत आलेली नसते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: वस्तुनिष्ठ माप मिळाले नाही की माणूस शेजाऱ्याकडे पाहून स्वतःला मोजतो. यावरचा उपाय सरळ आहे. शेजाऱ्याकडे पाहणे थांबवण्याचा निश्चय करत बसू नका, तर एक वस्तुनिष्ठ माप लवकरात लवकर मिळवा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून घ्या, शिकवून झालेल्या भागावरचे पाच प्रश्न निवडा आणि पुस्तक मिटून, घड्याळ लावून सोडवा. पाचपैकी दोन सुटले तर दोन सुटले. हा आकडा कदाचित सुखावणारा नसेल, पण 'मला काहीच येत नाही' या वाक्यापेक्षा तो अधिक खरा असतो आणि पुढच्या आठवड्यात बदलताही येतो.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. आपण पात्र नसताना इथवर पोहोचलो आहोत, या भावनेचे वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली केले, तेही कर्तृत्व सिद्ध केलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांच्या निरीक्षणावरून. पदव्या, पुरस्कार आणि सहकाऱ्यांची मान्यता गाठीशी असूनही त्या आपले यश नशिबाच्या किंवा इतरांच्या गैरसमजाच्या खात्यावर टाकत होत्या. पुढे पुरुषांमध्येही ही भावना आढळली. तेव्हा 'मला इथे उपरे वाटते' यावरून 'मी इथे उपरा आहे' हा निष्कर्ष निघत नाही.

दुसरी पायरी: समोरच्याची हुशारी सुटी करून पाहा

या पायरीवर थोडे रेंगाळायला हवे, कारण दडपण तयार होते ते इथेच.

संख्याशास्त्राच्या एका तासाची कल्पना करा. विद्यार्थी आठवड्याला सरासरी किती तास वाचतात, याचा एक आकडा शिक्षक फळ्यावर लिहितात आणि सांगतात की ही माहिती ग्रंथालयाच्या दारात उभे राहून गोळा केलेली आहे. त्यांनी खडू खाली ठेवायच्या आतच दुसऱ्या रांगेतून आवाज येतो, "पण सर, इथे सिलेक्शन बायस येणार नाही का?" शिक्षक "अगदी बरोबर" म्हणतात आणि पुढे जातात. सगळा प्रकार दहा सेकंदांत आटोपतो. तुम्हाला तो शब्द माहीत नसतो, शंका सुचलेली नसते आणि सुचली असती तरी भर वर्गात बोलण्याचे धाडस झाले नसते. उरलेला तास तुमच्या डोक्यावरून जातो, कारण तुमचे लक्ष आता फळ्याकडे नसून स्वतःकडे असते.

आता ते दहा सेकंद उलगडून पाहू. पहिली गोष्ट म्हणजे संज्ञा. ज्यांना विचारले ते सगळ्यांचे प्रतिनिधित्व करत नाहीत आणि त्यामुळे उत्तर एका बाजूला झुकते, एवढाच तिचा अर्थ आहे. ग्रंथालयाच्या दारात वाचणारेच भेटणार, हे कोणालाही पाच मिनिटांत समजते. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. त्या विद्यार्थ्याने हे प्रकरण शाळेत शिकलेले असू शकते, किंवा त्याच्या घरी असे शब्द रोजच्या बोलण्यात असू शकतात. तिसरी म्हणजे बोलण्याची सवय, जी काही शाळांत मुद्दाम लावली जाते आणि काही शाळांत मुद्दाम मोडली जाते. चौथी म्हणजे वेग. आणि पाचवी गोष्ट विषयावरची पकड, जिच्याबद्दल त्या दहा सेकंदांत तुम्हाला काहीच कळलेले नाही. असा झुकाव सर्वेक्षणात येऊ नये म्हणून नमुना कसा निवडावा, हे त्याला सांगता येईल की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित येईल, कदाचित नाही. आपण मात्र पहिल्या चार गोष्टी पाहून पाचवी गृहीत धरतो.

शिवाय त्या विद्यार्थ्याने काढलेली शंका तुमच्या स्वतःच्या अंदाजालाही लागू पडते. साठ जणांच्या वर्गात तासाभरात चार-पाच आवाज ऐकू येतात आणि त्या आवाजांवरून आपण 'या वर्गातले सगळे' असे मत बनवतो. गप्प बसलेले पंचावन्न जण आपल्या नमुन्यात येतच नाहीत. उलट त्यांची शांतता आपण 'त्यांना समजले आहे' या खात्यावर जमा करतो, आणि त्याच वेळी आपली शांतताही कोणीतरी तशीच जमा करत असतो.

वेगाबद्दल आणखी थोडे. मेरी बड रो या अभ्यासिकेने शालेय वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असे तिला आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरे लांबली, अधिक विचारपूर्वक आली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. वर्गातल्या हुशारीचे जे दर्शन आपल्याला घडते ते बऱ्याच अंशी पहिल्या सेकंदाचे दर्शन असते. १९५० साली फील्ड्स पदक मिळवणारे फ्रेंच गणितज्ञ लोराँ श्वार्त्स यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की शाळेत ते संथ होते, त्यामुळे स्वतःला मंद समजत असत आणि ही शंका त्यांना दीर्घकाळ छळत राहिली. शेवटी वेगाचा आणि बुद्धीचा थेट संबंध नाही, या निर्णयाला ते आले. याचा अर्थ जो संथ तो श्रेष्ठ, असा मुळीच नाही. वेग हे पकडीचे माप म्हणून वापरू नये, इतकाच त्याचा अर्थ आहे.

काही सहाध्यायी खरोखरच तुमच्यापेक्षा जलद असतील, अधिक जाणकार असतील आणि त्यांची पकडही चांगली असेल. ते नाकारण्याची गरज नाही. पण पाच गोष्टींचे गाठोडे सोडून पाहिले की ज्यावर तुम्हाला काम करता येईल असा भाग किती मोठा आहे, हे दिसू लागते.

तिसरी पायरी: भीतीची यादी करा

एक छोटी वही फक्त या कामासाठी ठेवा. तासाला बसलेले असताना जिथे धागा सुटला तिथे लगेच एक ओळ लिहा. ती वाक्यात बसवण्याच्या फंदात पडू नका. संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे चारांपैकी एक खूण करा. केवळ संज्ञा माहीत नसेल तर 'शब्द'. एखादी रीत किंवा आकडेमोड येत नसेल तर 'कृती'. ज्यावर हे सारे उभे आहे तो आधीचा भागच झालेला नसेल तर 'पाया'. आणि नेमके काय अडले आहे हेच सांगता येत नसेल तर नुसते प्रश्नचिन्ह.

नोंदी कशा दिसतील याचा नमुना असा: 'सोमवार, दुसरा तास. "स्थानिक किमान" आणि "निरपेक्ष किमान" यांत फरक काय? शब्द.' 'मंगळवार. मॅट्रिक्सचा व्यस्त काढताना तिसऱ्या ओळीनंतर चुकतो. कृती.' 'गुरुवार. सर म्हणाले, हे लिमिटवरून उघड आहे. लिमिट आम्हाला शिकवलेच नव्हते. पाया.'

प्रत्येक प्रकारावरचा इलाज निराळा आहे. शब्दांना दहा-दहा मिनिटे पुरतात आणि ते त्याच दिवशी निस्तरावेत, कारण दुसऱ्या दिवशीचा तास त्यांच्यावरच चढतो. कृतीला एक-दोन संध्याकाळचा सराव लागतो, आणि तो वाचून होत नाही, हाताने करूनच होतो. पाया भरायला काही आठवडे लागतात. त्यासाठी आठवड्यात ठरलेले दोन तास वेगळे काढा आणि खालच्या पातळीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा मानू नका. प्रश्नचिन्हे मात्र एकट्याने सोडवत बसू नयेत. ती पुढच्या पायरीसाठी राखून ठेवावीत.

दोन आठवड्यांनी खुणा मोजा. शब्दांच्या खुणा सर्वांत जास्त निघण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः ज्या भाषेत शिकवले जाते ती तुमची घरची भाषा नसेल तर. अशा विद्यार्थ्याचे काम दुप्पट असते: विषयही नवा आणि ज्या भाषेतून तो यायचा तीही अर्धवट ओळखीची. भाषेमुळे आलेला संथपणा बुद्धीच्या नावावर लिहिला जाणे हा पहिल्या सत्रातला सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा विद्यार्थी स्वतःच स्वतःवर करत असतो. अशा वेळी संकल्पना आधी स्वतःच्या भाषेत समजून घ्या, तिचे एक उदाहरण तयार करा आणि मगच शिकवण्याच्या भाषेतली वाक्ये पाठ करा.

चौथी पायरी: प्रश्न विचारा, पण नीट विचारा

प्रश्न न विचारण्यामागे दोन समज असतात. पहिला म्हणजे बाकी सगळ्यांना समजले आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मुद्दाम दुर्बोध लिहिलेला मजकूर वाचायला दिला आणि फारच अडले तर येऊन विचारा, असे सांगितले. कोणीही उठले नाही. प्रत्येकाला वाटत होते की आपण संकोचाने बसून आहोत आणि इतर मात्र समजले म्हणून बसले आहेत. एरवीच्या तासाला वर्गात तोंडात मूग गिळून बसलेल्यांची अवस्था फार वेगळी नसते.

दुसरा समज म्हणजे आपला प्रश्न सगळ्यांच्या लक्षात राहील. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. आपला शर्ट खोलीतल्या निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच तो लक्षात आला होता. तुमचा अडखळता प्रश्न वर्गाच्या स्मरणात किती वेळ टिकेल याचा अंदाजही याच प्रमाणात खाली आणायला हरकत नाही.

प्रश्नाची रचना मात्र महत्त्वाची आहे. 'मला काहीच कळले नाही' याचे उत्तर शिक्षक देऊ शकत नाहीत, कारण कुठून सुरुवात करायची हे त्यांनाही कळत नाही. त्याऐवजी आधी कळलेला भाग सांगा आणि मग अडलेल्या जागेवर बोट ठेवा: "सर, तिसऱ्या ओळीपर्यंत समजले. चौथ्या ओळीत आपण क्षने भागले. पण क्ष शून्य नाही हे कुठून आले?" असा प्रश्न ऐकून कोणी हसत नाही, बहुधा दोन-चार माना फळ्याकडे वळतात, कारण ती जागा त्यांनीही तशीच ओलांडलेली असते. पहिल्या आठवड्यात भर वर्गात बोलणे जड जात असेल तर तास संपल्यावर पुढे जाऊन विचारा. तेही अवघड वाटत असेल तर आदल्या रात्री प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सरळ वाचून दाखवा. त्यात काही वावगे नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी वेळ राखून ठेवलेली असते आणि ती बहुतेक वेळा रिकामी जाते. तिथे जाताना स्वतः केलेला प्रयत्न, खाडाखोडीसकट, बरोबर घ्या. एका भेटीत एक किंवा फार तर दोन प्रश्न पुरे. एखादे शिक्षक तुटकपणे बोलले तर तो निकाल समजू नका; त्याच विषयाचे सहायक शिक्षक, संशोधक विद्यार्थी किंवा वरच्या वर्गातले कोणी गाठा. माणूस बदलला म्हणून प्रश्नाचे महत्त्व कमी होत नाही.

पाचवी पायरी: ज्यांची भीती वाटते त्यांच्याबरोबरच अभ्यासाला बसा

दुरून पाहिले की हुशार सहाध्यायी आहेत त्याहून मोठे दिसतात. एका टेबलावर त्यांच्यासोबत बसले की ते कुठे अडतात, किती खाडाखोड करतात आणि काय सर्रास विसरतात हे दिसते. दडपण कमी करण्याचा याहून परिणामकारक मार्ग मला माहीत नाही.

यामागे केवळ मनाचे समाधान नाही. गणिताचे शिक्षक युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात बर्कली येथील विद्यापीठात कॅल्क्युलस शिकणाऱ्या दोन गटांचे बारकाईने निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते आणि त्यांच्यात तळमळ नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात ते मनापासून, पण एकेकटे अभ्यास करत होते. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः अभ्यास करून नंतर एकत्र येत, एकमेकांची उत्तरे तपासत, आणि एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही तर ते मुळातच अवघड आहे हे त्यांना कळत असे. एकट्या बसलेल्याला मात्र हे कळण्याची सोय नव्हती. अडला की दोष आपलाच, असे त्याला वाटे. ट्राइसमन यांनी मग सोपी उजळणी न देता कठीण उदाहरणे गटाने सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीयरीत्या सुधारले.

गट तिघाचौघांचा असावा. त्याहून मोठा झाला की गप्पांना ऊत येतो. बसण्याआधी प्रत्येकाने उदाहरणे स्वतः करून पाहिलेली असावीत, नाहीतर एक जण सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. एकेकाने एकेक उदाहरण उभे राहून समजावून सांगावे. ज्याला ते कमी येते त्याने आधी सांगावे, म्हणजे चूक दिसते आणि सुधारता येते. अशा गटासाठी त्या दुसऱ्या रांगेतल्या विद्यार्थ्याला विचारायला संकोच वाटत असेल तर मोघम 'आपण एकत्र अभ्यास करू या का?' असे म्हणू नका. "बुधवारी चारनंतर तिसऱ्या प्रकरणाची उदाहरणे आम्ही तिघे करणार आहोत, येतोस का?" असे विचारा. नेमक्या वेळेला आणि कामाला होकार देणे सोपे असते, आणि नकार आला तरी तो त्या बुधवारपुरता असतो.

हुशार विद्यार्थी 'हे तर सोपे आहे' म्हणाला की ते झोंबते. पण तो हिणवतोच आहे असे नाही. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचे १९९९ सालचे संशोधन अज्ञानी माणसाच्या फाजील आत्मविश्वासासाठी प्रसिद्ध आहे. त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. चाचणीत सर्वांत वरच्या पाव भागात आलेल्यांनी आपले स्थान प्रत्यक्षापेक्षा खालचे मानले होते, कारण आपल्याला जे जमले ते इतरांनाही जमले असेल, असे त्यांनी धरले होते. ज्याला जमते त्याला ते सोपेच वाटते. त्याला 'मला चौथी ओळ सोपी वाटली नाही, ती कशी आली ते सांग' असे सरळ म्हणा.

मुद्दाम कमी लेखणारे, उत्तरे हातचे राखून देणारे किंवा तुमच्या प्रश्नाची नंतर थट्टा करणारे मात्र वेगळे. त्यांच्याशी स्पर्धा करू नका आणि त्यांचे मन जिंकण्याचा प्रयत्नही करू नका. दुसऱ्या टेबलावर जा. आणि हो, परीक्षेच्या सकाळी 'माझे काहीच वाचून झालेले नाही' असे हसतमुखाने सांगणारी मंडळी प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या या विधानाला पुरावा मानण्याचे कारण नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाचा आवाज बंद ठेवावा, हेही त्याच कारणासाठी.

सहावी पायरी: पहिल्या निकालाकडे कसे पाहावे

त्याआधी अभ्यासाच्या पद्धतीविषयी एक गोष्ट. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली दाखवून दिले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी तो अधिक आठवतो, पण वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणारे आठवड्यानंतर पुढे असतात. वाचत राहिले की येते आहे असे वाटते. आठवायला बसले की येत नाही असे वाटते. म्हणजे जी पद्धत टिकाऊ आहे तीच सुरुवातीला खच्ची करते. पुस्तक मिटून लिहिताना दोन ओळींनंतर पेन थांबले तर ती आपली कमतरता उघडी पडल्याची खूण समजू नका. सराव योग्य तऱ्हेने चालला आहे असे समजा.

निकाल हाती आला की बेरीज पाहून वही मिटण्याची इच्छा होते. तसे न करता गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तिसऱ्या पायरीतल्याच खुणा करा आणि त्यांत 'वेळ' व 'वाचनातली चूक' या दोन खुणांची भर घाला. चाळीसपैकी सोळा गुण मिळाले, हे वाक्य काळजात रुततेच. पण गेलेल्या चोवीसपैकी नऊ एकाच न आलेल्या कृतीमुळे आणि सहा वेळ न पुरल्यामुळे गेले, हे कळल्यावर पुढचे दोन आठवडे कशासाठी द्यायचे ते ठरवता येते.

टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. गुणांच्या चिंतेत असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी सांगितले की अनेकांचे गुण पहिल्या वर्षानंतर सुधारतात, आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या चित्रफितीही दाखवल्या. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत या गटातले ५ टक्के विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. ज्यांना ही माहिती दिली नव्हती त्यांच्यातले २५ टक्के गेले. ही माहिती तुम्हाला फुकट मिळवता येते. वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांना गाठा आणि 'पहिल्या सत्रात तुम्हाला कोणत्या विषयात किती गुण होते, आणि नंतर तुम्ही काय बदलले?' एवढेच विचारा. उपदेश टाळून अनुभव काढून घेण्याची ही चांगली युक्ती आहे.

सातवी पायरी: अंतर खरेच मोठे असेल तर

हे सारे करूनही पहिल्या सत्राच्या मध्यावर 'पाया' या खुणांची रांग संपत नसेल, तर प्रश्न मनातल्या दडपणाचा राहत नाही. तो नियोजनाचा होतो. विषय बदलण्याची किंवा कमी करण्याची शेवटची तारीख कोणती, पायाभूत अभ्यासक्रम उपलब्ध आहे का, तो घेतल्यास पदवीचा कालावधी वाढतो का, याची चौकशी विभागाच्या कार्यालयात लेखी करा आणि आपल्या मार्गदर्शक शिक्षकांशी बोला. तारीख उलटून गेल्यावर हेच दरवाजे बंद होतात, म्हणून ही चौकशी गरज पडेल असे वाटण्याआधीच केलेली बरी. एखादा विषय पुढच्या वर्षावर ढकलणे म्हणजे पाय मागे घेणे नव्हे. चार विषयांत धडपडण्यापेक्षा तीन नीट शिकणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

शाळेत पहिले येण्याची सवय लागलेल्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. या वर्गात तुम्ही कदाचित कधीच पहिले येणार नाही. पदवी, नोकरी, संशोधन किंवा विषयाची गोडी यांपैकी कशालाही पहिला क्रमांक लागत नाही. तो फक्त पहिल्या क्रमांकाला लागतो. हे पटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ लागू द्यावा.

दडपण आणि आजारपण यांतला फरकही ओळखता आला पाहिजे. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तासांना जाणेच टळत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन रमत नसेल, तर वही आणि गट यांच्या भरवशावर राहू नका. विद्यापीठातल्या समुपदेशकांची किंवा डॉक्टरांची भेट घ्या. तिथे काय बोलायचे हे सुचत नसेल तर केव्हापासून, किती वेळा आणि त्यामुळे काय-काय बंद पडले आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. पहिल्या भेटीला तेवढे पुरते. जगणे नकोसे वाटू लागले असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना, खोलीतल्या सोबत्याला किंवा एखाद्या शिक्षकांना सांगा आणि त्यांना बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा.